जिम्नी आणि शेवटचे ७०० मीटर

पुण्याच्या नणंदेला नवी गाडी घ्यायची आहे. शोरूममधल्या पोराने तिच्या डोक्यात ऑल व्हील ड्राइव्हचं, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देणाऱ्या गाडीचं, भूत सोडलंय, आणि आमच्या दारात मारुतीची फोर बाय फोर जिम्नी उभी असते म्हणून रात्री साडेनवाला फोन मला. "वहिनी, दीड लाख जास्त घालू का?" पाऊण तास बोलले, भात गार झाला, तरी उत्तर पुरं झालं नाही. म्हणून लिहूनच काढते.

आमची हापूसची बाग राजापूर तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला. घर खाली वाडीत. मधलं अंतर ७०० मीटर. पहिले २०० ग्रामपंचायतीने काँक्रीट केलेत. पुढे जांभा फोडून केलेला रस्ता, दोन्ही बाजूंना गडगे, दगड रचून केलेल्या भिंती. मग पऱ्या, म्हणजे ओढा, मे महिन्यात खडखडीत आणि पावसात पोटरीभर. पऱ्या ओलांडला की लाल मातीची उभी चढण, आणि वर आमचं बेडं, बागेचं फाटक.

बाग म्हटली की शहरातल्या माणसाला एप्रिल-मे आठवतो. काढणीच्या दिवसांत इथे धुळीशिवाय काही नसतं, टेम्पोसुद्धा गुमान वर जातो. गाडी अडते ती पावसात, आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. नेमकी तेव्हाच बागेत कामं. जूनमध्ये खतं, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कल्टार (मोहोरासाठी झाडाच्या मुळाशी घालायचं औषध), मग गवत काढणं. पोती, डिझेलचा कॅन, ग्रास कटर, चार माणसांचं जेवण, सगळं वर न्यायचं.

आधीची गाडी छोटी होती, पुढच्या चाकांवर चालणारी. चढाला लागलं की वजन मागे कलतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि ओढायचं काम नेमकं त्यांच्याकडेच. चाक जागच्या जागी फिरायचं, चिखल काचेपर्यंत उडायचा, गाडी हलायची नाही. शेवटी आमचा गडी, ज्याने आयुष्यात स्टिअरिंग धरलेलं नाही, तो म्हणाला, "वैनी, उलटी घाला." घातली. रिव्हर्समध्ये ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर पडतं. गाडी गेली की वर! त्यानंतर तीन पावसाळे मी स्वतःच्या बागेत पाठमोरी गेले, मान मुरगळून, आरसे मिटून. तरीही जमलं नाही तर ट्रॅक्टर. खेचायचे ५००, उपदेश फुकट.

पाच दारांची जिम्नी २०२३च्या जूनमध्ये आली, तेव्हा किंमत १२.७४ लाखांपासून होती, तीही एक्स-शोरूम. एवढे पैसे चार मीटरहून आखूड गाडीला घालायचे म्हटल्यावर घरात दोन महिने बैठका झाल्या. यजमानांचं म्हणणं, त्यात पेटीभर आंबा तरी मावतो का? मुद्दा बरोबर होता, त्याच्याकडे येतेच. पण मी टेप घेऊन गडग्यांमधलं अंतर मोजून आले होते. जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर. आमच्या रस्त्यावर ही बाब फोर बाय फोरइतकीच मोलाची आहे. रुंद गाडी कितीही ताकदीची असो, ती वळणावर आमच्या गडग्याला भेटूनच पुढे जाणार.

आता लिव्हरबद्दल. गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा आहे: टू एच, फोर एच, फोर एल. रोज टू एच, म्हणजे फक्त मागची चाकं ओढतात. फोर एच टाकलं की पुढचीही जोडली जातात, आणि ते चालत्या गाडीतही टाकता येतं. फोर एलसाठी गाडी पूर्ण थांबवून दांडा खाली दाबून मागे घ्यायचा. मग वेग साधारण निम्मा आणि चाकाला मिळणारा जोर दुप्पट. पहिल्या गिअरमध्ये माणूस चालेल त्या गतीने गाडी चढते, ॲक्सिलरेटरवर नाचावं लागत नाही. एखादं चाक खड्ड्यावर अधांतरी राहून फिरायला लागलं तर गाडी आपणहून त्या चाकाला ब्रेक लावते आणि जोर त्याच जोडीतल्या दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे वळवते. त्या वेळी खालून कर्रकर्र आवाज येतो. पहिल्यांदा मी घाबरून बंदच केली होती.

गाडी आल्यापासून एक सवय ठेवली. खतांच्या वहीच्या शेवटच्या पानावर, दांडा हलवला की तारीख आणि कारण. दोन पावसाळ्यांत ४३ नोंदी. त्यातल्या ३१ लाल चढणीच्या, ५ पऱ्याच्या, ३ दुसऱ्यांना चिखलातून ओढून काढण्याच्या (मी ५०० घेत नाही, उपदेश मात्र करते), आणि ४ निव्वळ हौसेच्या. फोर एल फक्त ९ वेळा. वाडीबाहेरच्या कुठल्याही रस्त्यावर, म्हणजे राजापूर, रत्नागिरी, कोल्हापूर, मुंबई-गोवा हायवे, एकही नोंद नाही. शून्य. हायवेचं काम चालू असतानाचे डायव्हर्जन धरूनसुद्धा.

त्या ३१ मध्येही थोडी फसवाफसवी आहे, ती सांगायला हवी. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर मी मूळचे रस्त्याचे टायर काढून खोल नक्षीचे ऑल टेरेन बसवले. मग एकदा पाऊस पडून गेल्यावर मुद्दाम टू एचमध्येच चढण घेऊन बघितली. दोनदा घसरली, तिसऱ्यांदा गेली. म्हणजे मी ज्याचं श्रेय दांड्याला देत होते, त्यातलं बरंचसं टायरचं आणि २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सचं, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून तेवढं वर असल्याचं, होतं. तरी मुसळधार पडत असताना, मागे खताची पोती असताना, मी असले प्रयोग करणार नाही.

आणि एका गोष्टीपुढे दांडाही चालत नाही, टायरही नाही. शेवाळ. जांभ्यावरचं ऑगस्टमधलं हिरवं मखमली शेवाळ. तिथे फोर एच टाकलं तर फरक एवढाच की दोनाच्या ऐवजी चार चाकं घसरतात. त्यावर उपाय ब्लीचिंग पावडर आणि हिराची केरसुणी. अंगणाला करतो तसंच, पंधरा दिवसांनी एकदा रस्त्याच्या दोन चाकोऱ्यांवर. बारा-तेरा लाखांच्या गाडीला खराट्याचा आधार लागतो हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

शोरूममध्ये जे सांगितलं ते तर चुकीचंच होतं. "मॅडम, घाटात फोर एचमध्येच ठेवा, सेफ्टी." कोरड्या डांबरावर ठेवायचं नाही, गाडीबरोबरच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि फोर एचमध्ये पुढची आणि मागची जोडी एकमेकींना घट्ट बांधलेली. चिखलात चाक थोडं घसरून हिशेब मिटवतं, कोरड्या डांबरावर तो ताण गिअरच्या दातऱ्यांवर येतो. मी एकदा विसरून वाडीतून नाक्यापर्यंत तशीच गेले. वळणावर पदर कशात तरी अडकल्यासारखी गाडी मागे ओढली जात होती.

सेफ्टीचंच म्हणाल तर आणखी एक. गेल्या ऑगस्टमध्ये अणुस्कुरा घाट उतरताना धुक्यातून अचानक म्हशी समोर आल्या. ब्रेक दाबला, एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थरथरलं, गाडी थांबली. त्यात फोर बाय फोरचा वाटा काहीच नाही. चार चाकांना इंजिनचा जोर मिळाला म्हणून गाडी लवकर थांबत नाही. थांबवायला आधीच्या गाडीतही चारच चाकं होती. समुद्रकिनाऱ्यावर दर सुट्टीत वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या मोठमोठ्या गाड्या ट्रॅक्टर लावून काढतात. त्यांतल्या किती जणांनी फोर बाय फोर आहे म्हणून पाण्याच्या कडेला घातली असेल, देव जाणे.

नणंद जी बघतेय ती मारुतीचीच ग्रँड व्हिटारा. त्यातली ऑलग्रिप, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्हवाली, दिराकडे कोल्हापुरात आहे. तिचं तंत्र वेगळं. दांडा नाही, एक गोल खटका आहे: ऑटो, स्पोर्ट, स्नो, लॉक. ऑटोमध्ये एरवी पुढची चाकं ओढतात, ती घसरायला लागली की गाडी आपणहून मागच्यांना जोर देते. त्यामुळे डांबरावर ताणाची भानगड नाही, चालवणाऱ्याला काही कळावं लागत नाही. दिराने ती जुलैत आमच्या चढणीवर घातली, लॉकवर ठेवून, आणि गेली हो वर. फोर एलसारखा सावकाशीचा जोर तिच्यात नाही, म्हणून थोडी धाव घेऊन जावं लागलं. वळणावर मात्र आम्ही दोघी जावा गडग्याशी उभ्या राहून "डावीकडे, डावीकडे" ओरडत होतो.

पैशाचं बघू. २०२२ मध्ये ती गाडी आली तेव्हा तिचा अल्फा मॅन्युअल प्रकार, पुढच्या चाकांचा, १५.३९ लाखांना आणि तोच ऑलग्रिपमध्ये १६.८९ लाखांना होता. बरोब्बर दीड लाख. मायलेज कंपनीच्या आकड्यांप्रमाणे २१.११ आणि १९.३८. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले तर साधारण ५१ लिटर पेट्रोल जास्त, १०५ रुपयांच्या भावाने सव्वापाच हजारांच्या वर. पाच वर्षांत पावणेदोन लाख. माझ्या ट्रॅक्टरवाल्याच्या दराने साडेतीनशे खेपा होतात. नणंद कोथरूडहून हिंजवडीला जाते, आणि वर्षातून दोनदा आमच्याकडे.

जिम्नी तिने घेऊच नये, हे मी आधीच सांगून टाकलं. मागे दोघंच बसतात, आणि सीट उभी असताना डिकी २०८ लिटर. यजमानांच्या आंब्याचा मुद्दा इथे खरा ठरतो. सीट पाडून सहा क्रेट बसतात, सातव्यासाठी भांडावं लागतं. मागचं दार कपाटासारखं बाजूला उघडतं, स्टेपनी त्यावरच, त्यामुळे गडग्याला लावून गाडी उभी केली तर दार अर्धंच उघडतं. हायवेवर शंभरच्या पुढे ती मजेत नसते. लॅडर फ्रेम (खालचा शिडीसारखा सांगाडा) आणि दोन्ही चाकांना जोडणारा सलग ॲक्सल खड्ड्यांसाठी केलेले आहेत, लेन बदलण्यासाठी नाहीत. मायलेज कंपनी १६.९४ सांगते, मला बागेच्या फेऱ्या धरून १४ पडतं.

मी मात्र परत हीच घेईन. वर्षातले वीसेक दिवस, पण त्या वीस दिवसांत कल्टार घालायचं असतं आणि पाऊस आपल्या सोयीने थांबत नाही.

नणंदेने अखेर साधी, पुढच्या चाकांची ठरवली. दीड लाखातले पैसे पहिल्या टायरजोडीला वेळेवर काढून ठेव म्हटलं, नक्षी झिजेपर्यंत वाट बघू नकोस. गणपतीत येईल तेव्हा गाडी खाली वाडीत लावायची, आणि बागेत जाताना मी तिला जिम्नीतून वर न्यायचं, असं ठरलंय. मागे खताची पोती असली तर मांडीवर घेईन म्हणाली.