अनुवादात खटकणारं पुसावं की तसंच ठेवावं?

बायकी चालीचा पुरुष किंवा पुरुषी वेशातली बाई असं पात्र अनुवादकासमोर आलं की दोन वाटा असतात. वाचकाला खटकेल ते पुसायचं, नाहीतर मूळ तसंच ठेवायचं.

पुसण्याची खोड जुनी आहे आणि ती फक्त अनुवादापुरती नाही. इटालियन शिल्पकार-चित्रकार मायकेलअँजेलोच्या कविता १६२३ मध्ये त्याच्या पुतण्याच्या मुलाने छापल्या, तेव्हा पुरुषाला उद्देशून लिहिलेल्या ओळी त्याने बाईला उद्देशून करून टाकल्या. हस्तलिखितांवरचा मूळ पाठ छापून यायला १८६३ उजाडलं. त्याच्या आधारे इंग्रज लेखक जॉन ॲडिंग्टन सिमंड्सने १८७८ मध्ये इंग्रजी अनुवाद केला. मधली दोनशेहून अधिक वर्षं वाचकांच्या हाती भलताच कवी होता.

पुसण्याचा फायदा एकच: पुस्तक बिनबोभाट खपतं.

मूळ ठेवलं तर शिव्याही ठेवाव्या लागतात, आणि ते अवघड जातं. समजा, कथेत साडी नेसलेल्या मुलाला शेजारी हिणवतात. तिथे शेजाऱ्यांची भाषा गुळगुळीत केली तर त्या मुलाने रोज घराबाहेर पडणं किती धाडसाचं आहे, हे वाचकाला कळणारच नाही. मात्र निवेदक त्याच्याबद्दल सरळपणे बोलत असेल आणि अनुवादात हेटाळणीचा सूर शिरला, तर तो मजकूर अनुवादकाच्या पदरचा. ही भेसळ मला पुसण्याइतकीच वाईट वाटते, कारण ती पकडायला मूळ पुस्तक शेजारी उघडून बसावं लागतं.

माझं मत दुसऱ्या वाटेला आहे. जुन्या पुस्तकाला छोटी प्रस्तावना जोडा, पण पात्राच्या अंगावरचे कपडे बदलू नका.