अस्थिव्यंग शाळा की घराजवळची साधी शाळा, आमचं असं ठरलं

मे महिना आला की कुणाचा तरी फोन येतोच, मूल सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालीत येणारं व्यंग) आहे, डोकं छान चालतं, वॉकरवर चालतं, खास शाळेत घालू का साध्या? दरवेळी मी फोनवर अर्धवट सांगतो आणि मग रात्री आठवतं की मुद्द्याचं राहिलंच, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आमची धाकटी स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे दोन्ही पाय कडक, हात बऱ्यापैकी, अक्षर चांगलं पण लिहायला वेळ लागतो. राहायला नाशिकच्या सिडकोत. पहिली अडीच वर्षं अस्थिव्यंग मुलांच्या खास शाळेत होती, तिसरीपासून घराजवळच्या साध्या अनुदानित मराठी शाळेत, आता सहावीत. बौद्धिक अक्षमता असेल तर मात्र माझं काही ऐकू नका, तो प्रश्नच वेगळा, त्यासाठी नाशकात प्रबोधिनीसारखी जुनी संस्था आहे, तिथे जाऊन विचारा.

कायद्याचं एका वाक्यात सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्यापुढच्या दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, आणि जवळची शाळा घ्यायची की खास शाळा हे आपण ठरवायचं. त्यामुळे साध्या शाळेत कुणी म्हणालं ना की "अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते", तर शांतपणे ऐकून घ्यायचं आणि अर्ज तिथेच द्यायचा.

आता खास शाळेबद्दल. खरं सांगायचं तर तिथे गेल्यावर पहिल्यांदा आम्हाला श्वास घेता आला. कुणी वळून बघत नाही, कुणी "लहानपणी पोलिओचे डोस दिले नव्हते का" असं विचारत नाही (हे मला अगदी शिकलेल्या माणसांनी विचारलंय), वर्गात दहा-बारा मुलं, बाकाची उंची मुलाप्रमाणे, बाथरूममध्ये धरायला दांड्या, आणि मावशींना मुलाला काखेत ओढून न उचलता नीट कसं उचलायचं हे माहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फिजिओ (फिजिओथेरपी, व्यायामाचे उपचार) शाळेतच. आम्ही मुळात त्या फिजिओसाठीच ती शाळा घेतली होती.

आणि तिथेच गंमत झाली, कारण शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. व्हॅन आमच्या बाजूने सुरू व्हायची, म्हणजे सकाळी सगळ्यात आधी हिला घ्यायचे आणि संध्याकाळी सगळ्यात शेवटी सोडायचे, मधे इंदिरानगरची दोन मुलं, मुंबई नाक्याचं एक, मग द्वारका, आणि द्वारका सर्कलला काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. जाताना सव्वा तास, येताना कधी दीड. एवढा वेळ ती स्प्लिंट (पायाला आधार देणारी पट्टी) घालून गुडघे मोडून बसलेली, पाय खाली लोंबकळतायत, व्हॅनवाले काका बिचारे प्रेमळ पण ते गाडी चालवणार का हिचे पाय सरळ करणार. शाळेत पोचेपर्यंत पोटऱ्या अशा ताठ की टाच जमिनीला टेकायची नाही. फिजिओच्या मॅडम खरंच चांगल्या होत्या, आठवड्यातून तीनदा अर्धा तास द्यायच्या, पण त्यातली पंधरा-वीस मिनिटं व्हॅनने कडक केलेलं सैल करण्यात जायची, उरलेल्या दहा मिनिटांत चालण्याचा सराव, आणि मग संध्याकाळी परत तीच व्हॅन.

मला हे कळायला दोन वर्षं लागली. दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे शाळा नाही, फिजिओ नाही, फक्त रात्री मी तेल लावून ताणायचे तेवढे व्यायाम करून घ्यायचो, आणि पाय चक्क मऊ. मोजमाप माझ्याकडे काही नाही, डॉक्टर याला पुरावा म्हणणार नाहीत, पण रोज तेच पाय हातात घेणाऱ्याला फरक कळतो हो. शाळा सुरू झाली आणि चौथ्या दिवशी परत जैसे थे.

बाकी शाळेबद्दल तक्रार नव्हती, अजूनही नाही. पण ज्या गोष्टीसाठी शाळा घेतली तीच रस्त्यावर खर्च होतेय हे एकदा दिसल्यावर मला रोज सकाळी त्या व्हॅनचा हॉर्न ऐकवेना.

साधी शाळा घरापासून स्कूटरवर पाच मिनिटं. तिथे सगळं गोड आहे असं अजिबात समजू नका. रॅम्पचंच घ्या. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, इथे दोन पायऱ्यांवर चार फुटांचा सिमेंटचा उतार टाकून ठेवलेला, त्याचा उपयोग पहिलीच्या पोरांना घसरगुंडी म्हणून. ही आजही त्यावरून जात नाही, पायऱ्या बऱ्या म्हणते. कमोडवालं टॉयलेट होतं पण कुलूप, आत खेळाचं सामान आणि गॅदरिंगची झालर. ते उघडायला एक सत्र गेलं, तोवर ही दिवसभर पाणीच प्यायची नाही, मला पाण्याची बाटली भरलेली परत यायला लागली तेव्हा कळलं. शेवटी बाईंना भेटून सामान हलवलं, दांडी आम्ही आमच्या खर्चाने बसवून घेतली. फिरते विशेष शिक्षक येतात, चांगले असतात, पण एका माणसाकडे इतक्या शाळा की आपली पाळी येईपर्यंत चाचणी परीक्षा होऊन जाते.

आणि चिडवतात. खास शाळेत हिला कधी कुणी चिडवलं नव्हतं, इथे पहिल्याच महिन्यात वॉकरच्या आवाजावरून नाव पडलं 'ट्रॅक्टर'. मी तणतणत शाळेत निघालो तर ही म्हणाली बाबा राहू दे, त्याला मी ढब्बू म्हणते. आता दोघं एकाच बाकावर बसतात. हे सगळ्यांच्या बाबतीत असंच होईल असं मी म्हणणार नाही, अबोल मूल असेल तर हेच जड जाईल.

फिजिओ आता संध्याकाळी खाजगी, महिन्याला बरे पैसे जातात. पण पूर्ण वेळ चालण्याचा सराव होतो.

तर तुमचं मूल स्वतः बसू शकत नसेल, किंवा घरी मधल्या वेळात शाळेत धावत जाणारं कुणी नसेल, किंवा तुम्ही पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यावर असाल जिथे शाळाच टेकडी चढून आहे, तर खास शाळा, जमलं तर निवासी, हेच कदाचित बरं. खास शाळा घराजवळ असेल तर माझा अर्धा लेख बादच समजा. पण लांब असेल तर प्रवेश घेण्याआधी एक काम करा, एखाद्या सोमवारी स्वतः त्या व्हॅनमध्ये पहिल्या स्टॉपपासून शाळेपर्यंत बसून जा, गुडघे मोडून.

आणि साध्या शाळेत घातलंत तर सिव्हिल हॉस्पिटलचं दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी करून घ्या, परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात ते पहिल्या चाचणीपासून मागा, दहावीची वाट बघू नका. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. आमच्या शाळेत सातवीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरतो. तो खाली आणावा म्हणून मी जानेवारीतच अर्ज दिलाय, मुख्याध्यापिका "बघू" म्हणाल्यात, पोचेवर शिक्का आहे. जूनला कळेल.