अमेरिकी लोकगीते हर्णैच्या बालवाडीत: एक पुस्तक आणि दोन ध्वनिमुद्रिका

हर्णै बंदराजवळच्या आमच्या बालवाडीत येणारी बहुतेक मुले मासेमारी करणाऱ्या घरांतली आहेत. बंदरावरच्या लिलावाची बोली, शिमग्यात पालखीपुढे वाजणारे ढोल, गणपतीत रात्र जागवणारी भजने आणि जाखडी हे सारे त्यांच्या कानांवर जन्मापासून पडत असते, त्यामुळे त्यांना संगीताची गोडी लावण्याचे काम माझ्या वाट्याला कधी आलेच नाही. मला हवी होती ती वेगळ्या प्रकारची गाणी: मुलांनी जागेवरून उठून, स्वतःचे शब्द घालून, दिवसभराच्या कामात आणि खेळात गाता येतील अशी. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीने दोन वर्षांपूर्वी रूथ क्रॉफर्ड सीगर यांचे ‘अमेरिकन फोक साँग्ज फॉर चिल्ड्रन’ हे पुस्तक आणून दिले, आणि त्यानंतर त्यातल्याच गाण्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका मी मिळवल्या. या तिन्हींचा तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर सलग दोन वर्षे वापर केल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

पुस्तक १९४८ सालचे आहे, आणि ते कसे तयार झाले हे समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल लक्षात येत नाही. रूथ क्रॉफर्ड सीगर (१९०१–१९५३) या मुळात आधुनिक पाश्चात्त्य संगीताच्या रचनाकार. संगीतरचनेसाठी गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढे जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या पितापुत्रांनी गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केलेली लोकगीते स्वरलिपीत उतरवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. ही मुद्रणे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा होत होती. गाणाऱ्याने कुठे श्वास घेतला, कुठे स्वर किंचित खाली ओढला, हेही कागदावर यावे म्हणून एकेक मुद्रण त्या पुनःपुन्हा ऐकत असत. त्याच सुमारास वॉशिंग्टनजवळच्या सिल्व्हर स्प्रिंग येथे पालकांनी मिळून चालवलेल्या बालशाळेत त्या मुलांबरोबर ही गाणी गाऊ लागल्या, आणि मुलांनी त्यांचे काय केले ते पाहून हे पुस्तक आकाराला आले. म्हणूनच गाण्यांआधीची दीर्घ प्रस्तावना मला स्वरलिपीइतकीच मोलाची वाटते. हातांत लहान मुले असलेल्या आणि गाणे मोडले तरी चालेल अशी खात्री असलेल्या बाईने ती लिहिली आहे, हे पानोपानी जाणवते. बार्बरा कूनी यांची चित्रे साधी आणि सुंदर आहेत.

प्रस्तावनेतला माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी भाग शब्द बदलण्याविषयीचा आहे. लोकगीत हे छापलेल्या शब्दांपाशी संपत नाही, त्यात मुलाचे नाव, त्याचे कपडे, त्या क्षणी घडणारी गोष्ट घालावी, असे लेखिका सुचवतात. तांबड्या झग्यातल्या मेरीचे गाणे हे याचे सर्वांत सोपे उदाहरण. एका ओळीत मुलीचे नाव आणि तिच्या कपड्याचा रंग येतो, रंग दोनतीनदा घोळवला जातो आणि मग पुढच्या मुलाची पाळी येते. आमच्याकडे हे गाणे पहिल्या आठवड्यात सपशेल पडले, कारण सगळ्या मुलांचा गणवेश एकच होता आणि सगळी निळीच होती. नंतर जून उजाडला आणि दाराशी छत्र्यांची रांग लागली. एकीवर फुले, एकीवर ससा, एक आजोबांची काळी, एक दांडी मोडलेली. त्या दिवशी गाणे सुरू झाले ते प्रत्येक छत्रीची दखल घेऊनच थांबले. घरी एकही शब्द न बोलणारा, वर्गात तर नाहीच नाही, असा एक मुलगा आपली छत्री गाण्यात येईपर्यंत ती हातात धरून उभा राहिला आणि ओळ आली तेव्हा रंग त्याने स्वतः सांगितला. यापेक्षा मोठी शिफारस मी एखाद्या गाण्याची करू शकत नाही.

मराठीत आणताना काय करावे लागते, हे ज्यांना ही गाणी वापरायची आहेत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. इंग्रजी ओळ आघातांवर चालते आणि मधली अक्षरे गिळली तरी तिचे बिघडत नाही. आपली ओळ अक्षरांवर आणि मात्रांवर चालते. इंग्रजीत क्रियापद आधी येते आणि घोळवण्याचा शब्द शेवटी. आपल्याकडे क्रियापद शेवटी जाऊन बसते आणि घोळवण्याची जागाच अडवते. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले तर मुले दुसऱ्या ओळीला अडखळतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. उपाय असा सापडला की क्रियापद काढूनच टाकावे. ‘सायलीची छत्री लाल, लाल, लाल’ ही ओळ चालीत चपखल बसली आणि मुलांनी पुढचे रंग आपले आपण जोडले. चार अक्षरी नावांनाही अडचण आली नाही, कारण एका स्वराचे दोन करणे मुलांना शिकवावे लागत नाही. आरत्या म्हणताना ती ते रोज करतात.

आता ध्वनिमुद्रिकांविषयी. पीट सीगर हे रूथ यांचे सावत्र पुत्र. त्यांनी पुस्तकाच्याच नावाची मुद्रिका १९५३ साली फोकवेज कंपनीसाठी केली, आणि रूथ यांचे निधनही त्याच वर्षी झाले. तिच्यात अवघी ११ गाणी आहेत, एक माणूस आणि एक बँजो. आवाज मोकळा, उच्चार स्पष्ट, आणि गाताना समोर मुले बसली आहेत असे सतत वाटत राहते. दुसरी मुद्रिका रूथ यांची मुले माइक आणि पेगी यांनी १९७७ साली केली. तिच्यात ९४ गाणी आहेत आणि बँजो, गिटार, फिडल अशी अनेक वाद्ये आहेत. आईच्या पुस्तकातली गाणी घरातच कानांवर पडलेल्या दोन भावंडांनी ती गावीत, याला एक वेगळी ऊब आहे. परंतु मुलांना ऐकवण्यासाठी मी पीट यांचीच मुद्रिका निवडीन. माइक आणि पेगी यांची गाणी छोटी आहेत आणि एकामागून एक येतात. एक चाल मुलांच्या तोंडात बसते न बसते तोच दुसरी सुरू होते, आणि आमची मुले तर एकच गाणे आठ दिवस मागतात. ती मुद्रिका शिक्षिकेने रात्री निवांत ऐकावी, हवे ते गाणे निवडावे आणि सकाळी स्वतःच्या गळ्याने गावे, अशा उपयोगाची आहे. त्या अर्थाने ती मला अतिशय मोलाची वाटते.

पीट यांच्या ११ गाण्यांपैकी आमच्याकडे सर्वांत जास्त रुजले ते बिली बार्लोचे शिकारीचे गाणे. चौघे जण शिकारीला निघतात, कशाची शिकार करायची, ती आणायची कशी आणि तिची वाटणी कशी करायची हे एकमेकांना विचारत जातात, आणि ही सारी तयारी असते एका उंदरासाठी. आमच्या मुलांनी उंदीर पहिल्याच दिवशी बाद केला. त्याच्या जागी सुरमई आली, बंदुकीच्या जागी जाळे, गाडीच्या जागी होडी. वाटणीच्या कडव्यावर मात्र गाणे अडले, कारण डोके कोणाला मिळणार यावर खरोखरच मतभेद झाला. डोक्याचे कालवण ज्या घरी आजी करते त्या घरच्या मुलाने ते सोडायला ठाम नकार दिला, आणि शेवटी एका मुलीने शेपटी मागून घेऊन तंटा मिटवला. वाटा कसा पडतो हे ही मुले किनाऱ्यावर पाहतच वाढलेली असतात, म्हणून अमेरिकेतल्या या गाण्याचा सांगाडा त्यांना परका वाटला नाही. मांजर, कोंबडी, बदक असे एकेक जनावर वाढवत नेणारे साखळीचे गाणेही असेच रमले. त्यातले ‘पलीकडचे झाड’ आमच्याकडे फणस झाले, आणि प्रत्येक प्राण्याचा आवाज कसा काढायचा हे मुलांनीच ठरवले.

येणाऱ्या आगगाडीचे गाणे घेताना मला शंका होती, कारण दापोली तालुक्यात रेल्वे नाही आणि खेडचे स्थानक आमच्या निम्म्याहून अधिक मुलांनी पाहिलेले नाही. मुलांना न्यायला आलेली एक आजी दाराशी उभी राहून ते ऐकत होती. तिने लहानपणी पाहिलेल्या मुंबईच्या बोटीची गोष्ट सांगितली: बोट बाहेर खोल पाण्यात थांबायची, भोंगा द्यायची, आणि माणसे पडावातून किनाऱ्याला यायची. दुसऱ्या दिवसापासून आगगाडीची बोट झाली. भोंग्याचा आवाज आजीने काढला तसाच काढायचा, असा मुलांचा आग्रह असतो.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगितली पाहिजे. अमेरिकी लोकगीते निरागस माळरानावर उगवली, असे समजून ती मुलांना देऊ नयेत. त्यांपैकी काही गाणी एकोणिसाव्या शतकातल्या मिन्स्ट्रेल खेळांतून आली. गोरे नट तोंडाला काळा रंग फासून काळ्या माणसांची थट्टा करत, असे ते खेळ होते. पीट यांच्या मुद्रिकेतले ‘जिम क्रॅक कॉर्न’ हे त्याच परंपरेतले. त्यात एक गुलाम आपल्या मालकाच्या मरणाची हकिकत सांगतो. ‘जिम अलाँग जोझी’ची चालही १८४० च्या आसपास त्याच रंगमंचावर गाजली आणि नंतर मुलांच्या खेळात उतरली. पहिले गाणे मी घेत नाही. दुसऱ्याची चाल घेते, पण मूळ नाव आणि शब्द बाजूला ठेवून, केवळ चालणे, उड्या मारणे, खेकड्यासारखे तिरपे जाणे यांसाठी. असे करणे योग्य की चाल सोडून द्यावी, यावर वेगळे मत असू शकते आणि त्याचा मी आदर करते. पण गाणे कुठून आले हे गाणाऱ्या मोठ्या माणसाला ठाऊक असलेच पाहिजे. दुसऱ्या बाजूने, काळ्या अमेरिकी समाजाच्या ‘एकाने म्हणावे आणि सर्वांनी झेलावे’ या रीतीने याच गाण्यांना बळ दिले आहे. ती रीत मुलांपर्यंत सन्मानाने नेण्यासाठी मुलांसाठी गाणाऱ्या काळ्या अमेरिकी गायिका एला जेंकिन्स यांची १९५७ सालची ‘कॉल अँड रिस्पॉन्स’ ही मुद्रिका सोबत जरूर ठेवावी. भजनात बुवांची ओळ उचलून धरणाऱ्या आमच्या मुलांना ही रीत समजावून सांगावी लागली नाही.

पुस्तकाची खरी अडचण स्वरलिपीची आहे. ती पाश्चात्त्य पद्धतीची आहे आणि साथ पियानोसाठी लिहिली आहे. साथ मुद्दाम सोपी ठेवली असली तरी आमच्या गावात पियानो नाही आणि मला ती लिपी वाचता येत नाही. वाडीतल्या भजनात पेटी वाजवणाऱ्या काकांनी ध्वनिमुद्रण ऐकून गाणी सा-रे-ग-म मध्ये उतरवून दिली, आणि उतरवता उतरवता ते म्हणाले, “बाई, ही तर भूपातली आहेत.” सगळी नव्हेत, पण अमेरिकी लोकगीतांत पाच स्वरांवर उभ्या असलेल्या चाली पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या कित्येक भूपाच्या सा-रे-ग-प-ध मध्येच फिरतात. म्हणूनच लहान मुलांचा गळा त्यांत सहज चालतो आणि मुले बेसूर झाली तरी फार दूर जात नाहीत. ज्या शिक्षिकेजवळ ना लिपीचे ज्ञान आहे ना असे काका, तिने पुस्तकासाठी खर्च करण्याआधी पीट यांची ११ गाणी ऐकावीत. ती इंटरनेटवरच्या संगीतसेवांवर मिळतात. आमच्याकडे पावसात नेटवर्क जाते, म्हणून मी ती फोनवर उतरवून ठेवली आहेत.

काही पालकांनी मला विचारले की या गाण्यांनी मुलांचे इंग्रजी सुधारेल का. त्यासाठी ही खरेदी करू नये, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. मूळ इंग्रजी ओळी मी मुलांना ऐकवते, त्यांतले दोनचार शब्द त्यांच्या तोंडी बसतातही. पण पाठ करून घेतलेले गाणे मुले स्नेहसंमेलनात म्हणतात आणि विसरतात, आणि बदललेले गाणे घरी घेऊन जातात. यंदाच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या आणि मुलांना सोडायला वडील येत होते. त्यांतल्या एकाने जाता जाता मला सांगितले की सुरमईचे गाणे घरी रोज चालते, फक्त त्यांच्या घरी डोके वडिलांना मिळते.

पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी आली, म्हणून आता ते पानांत कडुलिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते आणि रोजच्या वापरासाठी काकांनी उतरवलेली वही वर्गात आणते. वहीत सध्या २३ गाणी आहेत. चोविसावे खिडकीवर टकटक करणाऱ्याचे घ्यायचे आहे, आणि खिडकीवर कोण आले हे या वेळी सर्वांत आधी त्या काळ्या छत्रीवाल्या मुलाला विचारणार आहे.