पेरोव्स्काईटची वाट बघायची की आत्ताच पॅनल बसवून टाकायचे? गोव्यातल्या घरासाठी तुलना

सोलरचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, थांब जरा, नवीन टेक्नॉलॉजी येतेय, स्वस्तात जास्त वीज, आत्ता घेतलंस तर पस्तावशील. ही नवीन टेक्नॉलॉजी म्हणजे बहुतेक वेळा पेरोव्स्काईट, नेहमीच्या सिलिकॉनऐवजी एका खास स्फटिकाच्या पातळ थरातून वीज करणारा सोलर सेल. ती खरंच भारी आहे, मी तिच्या बातम्या आवडीने वाचतो. पण पेडण्यात किंवा काणकोणात घरावर काय चढवायचं हे इथला पाऊस आणि खारा वारा ठरवतो, म्हणून दोन्ही बाजू नीट बघूया.

आधी ती स्वस्त का पडणार ते. सिलिकॉनचा सेल म्हणजे वाळूपासून शुद्ध सिलिकॉन काढा, १४०० अंशांच्या वर वितळवा, त्याचा ठोकळा करा आणि मग पातळ चकत्या कापा, चकती साधारण १५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पेरोव्स्काईटचा थर जेमतेम अर्धा मायक्रॉन, तोही द्रावण पसरून १००-१५० अंशांवर वाळवला की तयार, काचेवर करा नाहीतर प्लॅस्टिकच्या फिल्मवर. माल कमी, भट्टी कमी. २००९ मधे जपानमधे त्सुतोमु मियासाका यांच्या टीमने असा सेल केला तेव्हा जेमतेम ३.८ टक्के उजेडाची वीज होत होती, आता लॅबमधला छोटा सेल २६ टक्क्यांच्या पुढे गेलाय. आणि सिलिकॉनच्या डोक्यावर पेरोव्स्काईटचा थर चढवला, म्हणजे टँडेम, तर वरचा थर निळा-हिरवा उजेड खातो आणि खालचा सिलिकॉन तांबडा आणि त्यापलीकडचा, त्यामुळे २०२५ मधे लाँगी कंपनीने छोट्या सेलवर ३४.८५ टक्के गाठले. एकट्या सिलिकॉनची थिअरीतली मर्यादाच २९.४ आहे, म्हणजे हे किती मोठं पाऊल आहे बघा. आपल्याकडे आयआयटी बॉम्बेमधेही टँडेमवर जोरात काम चालू आहे.

आता अडचण. पेरोव्स्काईटला ओल सोसत नाही. काळपट तपकिरी थरात पाण्याची वाफ शिरली की तो फुटून पिवळं लेड आयोडाईड, म्हणजे शिशाचं संयुग, उरतं, आणि ते वीज करत नाही. उष्णतेनेही तो बिघडतो. चांगलं सीलिंग केलं की टिकतो, ऑक्सफर्ड पीव्हीने २०२४ मधे २४.५ टक्क्यांचे टँडेम पॅनल अमेरिकेत एका वीज कंपनीला दिलेत, म्हणजे माल लॅबबाहेर आलाय. पण सिलिकॉनची पॅनल पंचवीस-तीस वर्षं उन्हापावसात उभी राहिलेली आपण बघितलीत, याची नाही. आणि गोव्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, इथे सील जरा कुठे सुटलं की संपलं. शिशाची भीती मात्र लोक जरा जास्तच घालतात, चौरस मीटरला साधारण ग्रॅमभर किंवा त्याहून कमी शिसं असतं आणि नेहमीच्या पॅनलच्या सोल्डरमधेही शिसं असतंच, तरी विहिरीच्या शेजारच्या छपरावर फुटलेलं पॅनल पडून राहू नये एवढं खरं.

मग आज दुकानात काय मिळतं? मोनो पर्क, टॉपकॉन आणि एचजेटी, तिन्ही सिलिकॉनचीच भावंडं. पर्क पॅनल साधारण २०-२१ टक्के, टॉपकॉन आणि एचजेटी २२-२३. हा फरक मोठ्या छपराला फारसा जाणवत नाही, उष्णतेचा जाणवतो. एप्रिल-मे मधे पॅनल सहज ६५ अंशांपर्यंत तापतं आणि पॅनलवर लिहिलेले वॅट असतात २५ अंशांचे, वरच्या प्रत्येक अंशाला पर्क साधारण ०.३५ टक्के घालवतं, टॉपकॉन ०.३०, एचजेटी ०.२५ च्या आसपास, म्हणजे भर दुपारी पर्कचे १४ टक्के गेले तर टॉपकॉनचे १२ आणि एचजेटीचे १०. एचजेटी उत्तम, पण महाग आणि छोट्या कामासाठी सहज मिळत नाही, त्यामुळे घरासाठी मी त्यात फार वेळ घालवणार नाही.

टॉपकॉन घेताना मात्र एक बघाच. त्याच्या धातूच्या बारीक रेषांना ओल आणि मीठ लागलं की गंज चढतो असं टेस्टमधे दिसलंय, आणि मागे प्लॅस्टिकची शीट असलेल्या पॅनलमधे ओल आत शिरायला सोपं जातं. म्हणून कळंगुट, मोरजी, बेतुल, कुठेही समुद्र जवळ असेल तर दोन्ही बाजूंनी काच असलेलंच पॅनल घ्या आणि मिठाच्या फवाऱ्याची टेस्ट, आयईसी ६१७०१, पास केलेली आहे का ते डेटाशीटवर बघा. स्ट्रक्चरचे नटबोल्ट साधे लोखंडी लावले तर पॅनलच्या आधी तेच जातील. डिचोली, साखळी, फोंडा, सांगे अशा आतल्या भागात एवढं टेन्शन नाही, तिथे चांगलं पर्कही चालेल, तिथला खरा शत्रू सावली. माडाच्या एका झावळीची सावली दोन पॅनलवर पडली तरी एकत्र जोडलेल्या अख्ख्या रांगेची वीज खाली येते आणि कुळागराच्या, म्हणजे सुपारी-माडाच्या बागेच्या, कडेला घर असेल तर दुपारी दोननंतर ऊन राहतं का ते आधी बघा, सावली असेल तर मायक्रो इन्व्हर्टरला, म्हणजे प्रत्येक पॅनलची वीज वेगळी घरच्या विजेत बदलणाऱ्या छोट्या यंत्राला, जास्तीचे पैसे घालणं टेक्नॉलॉजी बदलण्यापेक्षा फायद्याचं.

जुन्या कौलारू घरांचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पेरोव्स्काईटची हलकी फिल्म खरं तर त्यांच्यासाठीच हवी. दोन काचांचं मोठं पॅनल तीस किलोच्या वर जातं, तीन किलोवॅटला तशी पाच-सहा, आणि शंभर वर्षांच्या वाशांवर तो भार टाकायचा म्हणजे आधी सुताराला वर चढवून वासे तपासून घ्यायला हवेत, कौलं फोडून बोल्ट मारू देऊच नका, वाशाला धरणारे हूक मिळतात. वासे कमजोर असतील तर अंगणात किंवा गोठ्याच्या पत्र्यावर स्ट्रक्चर उभं करा. ऑनलाईन जे वाकणारे पॅनल 'नवीन टेक्नॉलॉजी' म्हणून विकतात ते बहुतेक प्लॅस्टिकमधे बसवलेले नेहमीचे सिलिकॉन सेलच असतात, कौलावर चिकटवले की खालून हवा लागत नाही, तापून थर सुटतात. होडीवर किंवा व्हॅनवर ठीक, घरावर नको.

'कमी उजेडातही चालतं' हा दावाही ऐकाल. पेरोव्स्काईट आणि रंगद्रव्याचे डाय सेल ढगाळ किंवा ट्यूबलाईटच्या उजेडात तुलनेने चांगले चालतात हे खरं, घरातला सेन्सर, रिमोट, हेडफोन अशा वस्तूंसाठी ते सिलिकॉनपेक्षा सरस आहेत आणि तिथे मी आजही ते घेईन. पण जुलैमधल्या गोव्यात आकाशातून उजेडच इतका कमी येतो की त्याचा थोडा जास्त हिस्सा मिळून बिलात काही फरक पडत नाही. पावसाळ्यातली तूट नेट मीटरिंगने, म्हणजे जादा वीज लाईनला देऊन ती बिलातून वळती करून घेऊन, उन्हाळ्यातल्या जादा युनिटमधून भरून काढायची, एवढंच.

पैशाचं सांगायचं तर घरच्या छपरावरच्या सोलरसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तला ७८,००० रुपये सबसिडी आहे, पण पॅनल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत, म्हणजे डीसीआर. परदेशी टँडेम उद्या आलं तरी त्याला हे पैसे मिळणार नाहीत. तीन किलोवॅटची सिस्टीम सबसिडीआधी साधारण दीड लाखाच्या पुढेमागे, महिन्याला सरासरी ३५० युनिट धरा. तीन-चार वर्षं थांबलात तर तेवढ्या वर्षांची बिलं भरणारच, म्हणून बिल मोठं येत असेल तर मी थांबणार नाही. बिलच तीन-चारशे रुपये येत असेल किंवा यंदा छप्पर बदलायचंच असेल तर खुशाल थांबा.

आणि लाईट गेल्यावर घर चालावं म्हणून सोलर घेत असाल तर पॅनल कुठलंही असो, साधा ऑनग्रिड, म्हणजे सरकारी लाईनला जोडलेला, इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद पडतो, खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून. त्यासाठी बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, शक्यतो लिथियम आयर्न फॉस्फेटची, लागते, आणि तिचा खर्च कोटेशनमधे वेगळा लिहून मागा.