मोहो दे आहो की आहियो? लसूण-कोळंबी, मेक्सिकन पद्धतीची

मेक्सिकोत लसूण-कोळंबीची दोन नावं सारखी कानावर येतात: 'मोहो दे आहो' आणि 'आल आहियो'. कोळंबी तीच, तेल तेच, लिंबूही तेच. घरी कोणती करायची हे ठरतं ते लसणापाशी किती वेळ उभं राहायची तयारी आहे त्यावर.

मोहोला अर्धा तास हवा. सोललेल्या ५०० ग्रॅम कोळंबीला दोन गड्डे लसूण आणि पाऊण कप तेल. लसूण बारीक चिरा. ठेचलेला तळाला चिकटून करपतो. तेल थंड असतानाच तो घाला आणि आच इतकी मंद ठेवा की एखाददुसराच बुडबुडा यावा. २५-३० मिनिटांत लसूण मऊ, फिकट सोनेरी, जवळजवळ गोड होतो. बदामी रंगाची वाट पाहू नका. गॅस बंद केल्यावरही तो गरम तेलात शिजत राहतो, आणि कडू झाला की लिंबू पिळूनही सावरत नाही. मग मीठ, दोन चमचे लिंबूरस. यातल्याच दोन-तीन चमचे तेलात कोळंबी परता, लसूण शेवटी वरून घाला.

आहियो १५ मिनिटांत होते. स्पेनमधल्या आहियोचा जीव लसणात. मेक्सिकोत त्यात सुकी गुआहियो मिरची येते, नावही कसं यमकात बसतं! तीन मिरच्यांचे देठ-बिया काढून कात्रीने चकत्या करा. सहा पाकळ्यांचे पातळ काप मध्यम आचेवर तेलात सोडा. कडा रंगू लागल्या की मिरची, १०-१५ सेकंद, लगेच कोळंबी. मिरची काळी पडली तर तेल फेकून नव्याने सुरुवात करा. गुआहियो नसेल तर ब्याडगी घ्या. रंग छान येतो, पण ती आंबूस-फळासारखी चव येत नाही. लिंबाची मात्र अडचण नाही: मेक्सिकोतलं छोटं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच.

दोन्हींत घात होतो तो ओल्या कोळंबीने. बर्फातली असेल तर पूर्ण वितळवा, कपड्याने टिपून कोरडी करा आणि तव्यात एकाच थरात पसरा. गर्दी झाली की पाणी सुटतं, कोळंबी परतली न जाता उकडते. प्रत्येक बाजू एक-दीड मिनिट पुरे. पार गोल वळली म्हणजे चिवट झालीच.

पहिल्यांदाच करताय, दोघांपुरतीच हवी, तर आहियो. दहा पाहुणे असतील तर मोहो, कारण लसूण आदल्या दिवशी करून ठेवता येतो. मात्र तो फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. ओट्यावर राहिलेल्या लसणाच्या तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं, आणि त्याचा वासही येत नाही.