अकूस्टिक क्लासिक्स: रिचर्ड थॉम्पसनची ओळख, पण अर्धीच

ब्रिटिश गायक-गिटारवादक रिचर्ड थॉम्पसन ऐकायचाय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी त्याचा २०१४चा आल्बम ‘अकूस्टिक क्लासिक्स’ सुचवतो. जुनीच चौदा गाणी, एकट्या गिटारवर नव्याने रेकॉर्ड केलेली. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं की मागे आणखी कुणीतरी वाजवतंय. कुणी नाही. अंगठा आणि तर्जनीत पिक (तारा छेडायची छोटी चकती) धरून हा माणूस जाड तारा छेडतो, आणि मोकळं राहिलेलं मधलं बोट नि अनामिका बारीक तारांवर वेगळीच चाल वाजवत असतात. मी घरी प्रयत्न करतो तेव्हा एक तर पिक तरी सुटतं, नाहीतर लय तरी. आणि हा वर गातोही!

‘१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग’साठीच पैसे वसूल. दरोडे घालणारा जेम्स, लाल केसांची मॉली, आणि मरताना त्याने तिच्या हाती दिलेली, गाण्याच्या नावातल्या मोटरसायकलची किल्ली. अख्खा पोवाडाच म्हणा ना. (बुलेटवाले मित्र गाणं संपायच्या आत सीसी विचारतात. ९९८. आणि ही गाडी जगात बनलीच तीसेक.) १९९१चं मूळ रेकॉर्डिंगही नुसत्या गिटारवरच होतं, त्यामुळे तुलना सोपी आहे: पासष्टीला आलेल्या माणसाची बोटं तसूभरही मंदावलेली नाहीत. आवाज मात्र जाड झालाय, आणि या गाण्याला तो उलट शोभतो.

तक्रार आहे ती वेगळीच. ‘वॉकिंग ऑन अ वायर’ आणि ‘डिमिंग ऑफ द डे’ ही मुळात लिंडाने गायलेली गाणी. ती त्याची तेव्हाची बायको. १९७४ ते १९८२मध्ये दोघांनी मिळून सहा आल्बम केले. दुसरं गाणं त्याच्या आवाजात निभावून जातं. पहिलं नाही. लिंडाच्या गळ्यातली ती थकलेली, अजिबात न विनवणारी धार इथे सापडत नाही. ‘शूट आउट द लाइट्स’चंही तेच: त्याचा जीव मूळच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये आहे, ती किंचाळल्याशिवाय मजा नाही.

शिवाय १९६७ला लंडनमध्ये, अठराव्या वर्षी, मित्रांबरोबर सुरू केलेल्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडचं एकही गाणं यात नाही. विशीच्या आत लिहिलेलं ‘मीट ऑन द लेज’ ऐकायचं तर २०१७चा दुसरा भाग घ्यावा लागतो.

गिटार शिकणाऱ्याने हा डोळे मिटून घ्यावा. इतरांनी याच्याबरोबरच रिचर्ड-लिंडाचा १९७४चा ‘आय वाँट टू सी द ब्राइट लाइट्स टुनाइट’ही घ्यावा, एकच परवडणार असेल, तर तो.