पातालपानी-कालाकुंडची गाडी: जा, पण साध्या डब्यात

पाऊस लागला की इंदूरच्या रामबागेत कोणी ना कोणी विचारतंच, "त्या पातालपानीच्या गाडीत एवढं आहे तरी काय?" भरपूर आहे. फक्त एसीत बसू नका.

महूजवळच्या पातालपानीहून घाट उतरून कालाकुंडला नेणारी ही सहलीची गाडी. आम्ही गेलो तेव्हा साध्या डब्याचं तिकीट २० रुपये होतं, एसीचं २६५. जाण्याचं वेगळं, येण्याचं वेगळं. एसीच्या काचा मोठ्या, फोटो झकास येतात, पण खिडकी उघडत नाही. घाट उतरताना येणारा ब्रेकचा करपट वास, बोगद्यात शिरताच पोरांनी ठोकलेली आरोळी, बाहीवर पडणारा पाऊस, हे सगळं वीस रुपयांतच मिळतं. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, बोगदे चार.

आमचे भाऊजी याच मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवर, गार्ड होते. ते म्हणाले, "वहिनी, उतरताना काही नाही, खरी मजा चढताना." चढ १:४० चा, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पूर्वी कालाकुंडला गाडीमागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन लावल्याशिवाय घाट चढता येत नसे.

या लाइनीसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी. व्याज लावून! रुळांच्या चाचणीचं पहिलं इंजिन इंदुरात हत्तींकडून ओढून आणलं, असंही सांगतात. ही सहलीची हेरिटेज गाडी डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. २०२३ मध्ये महू ते ओंकारेश्वर रोड मीटरगेज बंद झालं, रुंद रुळांच्या ब्रॉडगेजला वेगळी वाट आखली, आणि हा घाट तेवढा सहलीसाठी राहिला.

बंद लाइनीला असं काम मिळालं तरच रूळ टिकतात. नाहीतर गवत आणि भंगारवाला. इंग्लंडात मेल्टन मोब्रेजवळची ओल्ड डॅल्बीची लाइन साठच्या दशकात प्रवाशांना बंद झाली, ती गाड्यांच्या चाचणीला घेतली. १७ जुलै १९८४ रोजी तिथे अणुइंधन वाहून नेण्याची पोलादी पेटी रुळांवर आडवी ठेवून, बिनड्रायव्हरचं इंजिन ताशी १६० किलोमीटर वेगाने तिच्यावर घातलं. इंजिनाचा चुराडा झाला, पेटी शाबूत! पुढे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नव्या गाड्याही तिथेच पळवून पाहिल्या. भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्या घाटात १६० ला पळवलं तर थेट चोरल नदीत."

कालाकुंडला उतरल्यावर पळसाच्या पानातला कलाकंद घ्याच, पण आधी चाखून. आम्हाला पहिल्या टोपलीतला नुसता साखरट लागला, दुसरीतला रवाळ, कडेला किंचित खरपूस. आणि पुडी डब्यात बसूनच सोडा, फलाटावर माकडं टपलेली असतात.